दलालाचा कागद : सही करताना आणि मोडताना

२०२४ च्या नोव्हेंबरातील गोष्ट. सांगलीच्या एका जुन्या पेठेत तीन पिढ्या धान्याचा व्यापार करणाऱ्या कुटुंबातील दोघे बंधू सकाळीच माझ्याकडे आले. थोरले, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, सत्तरी ओलांडलेले, धाकटे पन्नाशीचे. मधल्या बंधूंना पुण्यास मुलाकडे राहावयास जायचे होते, म्हणून खाली दुकान आणि वर घर अशी वडिलोपार्जित इमारत विकून तिघांत वाटणी करावयाचे ठरले होते. दोन गल्ल्या पलीकडच्या एका कापड व्यापाऱ्याशी एक कोटी बहात्तर लाखांना सौदा जमला होता, लाखभर रुपये विसारही हाती आला होता. असे असूनही दोघांचे चेहरे उतरलेले. धाकट्यांनी पिशवीतून एक पत्र काढून माझ्यापुढे ठेवले. दलालाची मागणी होती : दोन टक्के दराने दलाली ३,४४,००० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी ६१,९२० रुपये, एकूण ४,०५,९२०.

"साहेब, या माणसाने सहा महिने नुसते झुलवत ठेवले," धाकटे म्हणाले. "चार गिऱ्हाइके आणली, एकही टिकले नाही. सौदा आम्ही आमच्या ओळखीने केला. आणि मुदत तर सप्टेंबरातच संपली. मग पैसे कशाचे?"

अण्णा एवढेच म्हणाले, "कागदावर सही माझी आहे."

हे कुटुंब आपल्यापैकीच आहे. त्यांच्या संमतीने लिहितो आहे, मात्र ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मी कागद मागितला. दोन पानांचा करार, खाली अण्णांची वळणदार सही, शेजारी १ एप्रिल २०२४ ही तारीख. "वाचला होता का?" असे विचारल्यावर अण्णांनी मान हलवली. मला त्यांना दोष देता आला नाही. बँकेत तीन दशकांहून अधिक काळ मी स्वतः हजारो माणसांना "इथे, इथे आणि इथे" असे बोटाने दाखवून सह्या करायला लावल्या आहेत, आणि त्यांतल्या किती जणांनी वर काय छापले आहे हे वाचले असेल, याचा हिशेब मी न मांडलेलाच बरा.

आपल्याकडची जुनी रीत तोंडी होती. चार दलालांच्या कानावर घालून ठेवायचे. जो गिऱ्हाईक आणून व्यवहार पुरा करील त्याची दलाली. साधारण एक ते दोन टक्के, आणि पुष्कळदा विकणारा आणि घेणारा अशा दोघांकडून. या मोकळ्या पद्धतीत मालकाला बंधन जवळजवळ नसते. अलीकडे मात्र शहरांतील दलाल एक्सक्लुझिव्ह किंवा मँडेट या नावाचा लेखी करार मागतात. त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे : जाहिरातीचा खर्च करायचा, माणसे आणून दाखवायची, आणि शेवटी मालकाने परस्पर सौदा उरकायचा, हा अनुभव त्यांनाही येतो. परंतु या एकाच नावाखाली दोन अगदी निराळे करार वावरतात, आणि फरक एखाद्या शब्दाचाच असतो. पहिल्यात मालक ठरलेल्या मुदतीत दुसरा दलाल नेमणार नाही इतकेच मान्य करतो. गिऱ्हाईक त्याने स्वतः शोधले तर दलाली लागत नाही. दुसऱ्यात, मुदतीत विक्री कोणाच्याही मार्फत झाली तरी, अगदी मालकाच्या सख्ख्या मेहुण्याने घर घेतले तरी, दलाली द्यावीच लागते. अण्णांच्या कागदावर शब्द होते : "मालकाने स्वतः अथवा अन्य कोणाहीमार्फत विक्री केल्यास". म्हणजे दुसरा प्रकार.

मुदतीची अट त्याहून बारीक अक्षरात होती. करार सहा महिन्यांचा, ३० सप्टेंबरपर्यंत; पण मुदत संपण्यापूर्वी पंधरा दिवस लेखी सूचना न दिल्यास तो आपोआप आणखी सहा महिने वाढेल. म्हणजे सूचनेचा शेवटचा दिवस १५ सप्टेंबर. तो रविवार होता आणि दशलक्षण पर्व चालू होते. त्या दिवसांत अण्णांच्या घरी व्यवहाराचा कागद कोणी उघडत नाही. ऑक्टोबरमध्ये सौदा ठरला तेव्हा करार संपला आहे असे तिघेही भाऊ समजत होते आणि तो मात्र जिवंत होता. ज्या कागदात आपोआप वाढीची अट असेल त्याची तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर महिनाभर आधीच लाल शाईने मांडून ठेवावी. विम्याचा हप्ता आपण असा मांडून ठेवतोच.

आता कायदा. मी वकील नाही. मात्र भारतीय करार कायदा, १८७२ बँकेतल्या माणसाला अंगवळणी पडलेला असतो, आणि मालक व दलाल यांचे नाते त्यातील प्रतिनिधीविषयक कलमांखाली येते. या ठिकाणी लोकांचा एक मोठा गोंधळ होतो. दलालाचे अधिकार काढून घेणे आणि दलालीच्या देण्यातून सुटणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली जवळजवळ नेहमीच मालकाच्या हातात असते. कलम २०३ सांगते की, प्रतिनिधीने आपला अधिकार वापरून मालकाला बांधून टाकण्यापूर्वी मालक तो केव्हाही काढून घेऊ शकतो. नको असलेला दलाल कोणी आपल्या गळ्यात कायमचा बांधू शकत नाही. पण लगेच पुढे कलम २०५ आहे : प्रतिनिधित्व अमुक काळ चालेल असे ठरले असेल आणि पुरेशा कारणाशिवाय ते आधीच मोडले, तर मोडणाऱ्याने भरपाई द्यावी. कलम २०६ म्हणते, वाजवी सूचना द्यावी; न दिल्यास होणारे नुकसान भरून द्यावे. आणि कलम २०८ प्रमाणे रद्द करणे लागू होते ते दलालाला कळेल तेव्हापासून, आपण मनाशी ठरवले तेव्हापासून नव्हे. कायद्यातच याचे व्यापाऱ्याला चटकन उमगेल असे उदाहरण आहे. मालकाने पाच टक्के कमिशनवर माल विकायला सांगितला, मग पत्राने अधिकार काढून घेतला. पत्र निघाल्यानंतर पण हाती पडण्यापूर्वी प्रतिनिधीने शंभर रुपयांचा माल विकला. ती विक्री मालकावर बंधनकारक आहे, आणि प्रतिनिधीला पाच रुपये मिळतात.

"पण आम्ही स्वतः विकले, म्हणजे त्याचा अधिकार आपोआप संपला ना?" धाकट्यांनी विचारले. प्रश्न चांगला होता. कलम २०७ प्रमाणे अधिकार कृतीनेही काढून घेता येतो; एखाद्याला घर भाड्याने देण्याचा अधिकार दिला आणि नंतर मालकानेच ते भाड्याने दिले, तर तो अधिकार संपला, असे कायद्याचे उदाहरण आहे. मात्र संपतो तो घर देण्याचा अधिकार. कोणीही विकले तरी दलाली देईन असे वचन वेगळे लिहून दिले असेल, तर ते वचन मागे उरते.

यानंतर मी जो प्रश्न विचारला त्याने बैठकीचा रंग बदलला. "हा कापड व्यापारी तुमच्यापर्यंत आला कसा?" धाकटे म्हणाले, "पेठेतली ओळख, आणखी काय?" मी म्हणालो, दलालाने सहा महिन्यांत ज्यांना जागा दाखवली त्यांची यादी मागवा. दोन दिवसांनी दलालाने व्हॉट्सॲपवरील संदेशच पुढे पाठवले. त्यात जुलैमधील एका भेटीची नोंद होती, छायाचित्रासह. त्या छायाचित्रात शटरपाशी उभा असलेला तरुण त्याच कापड व्यापाऱ्याचा मुलगा होता. त्या दिवशी दोघेही भाऊ बाहेरगावी होते. शटर मुनीमजींनी उघडून दिले होते, आणि विचारल्यावर त्यांना ते आठवलेही. व्यापाऱ्याने बोलणी करताना हा उल्लेख टाळला होता. दलाल मध्ये नसला म्हणजे भाव थोडा उतरवून घेता येतो, हे गणित आपल्याला काही नवे नाही.

या मुद्द्यावर आपल्याकडे फार जुना निर्णय आहे. १९५० साली, म्हणजे सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले त्याच वर्षी, कलकत्त्यातील एका इमारतीच्या दलालीचा वाद त्या न्यायालयापुढे आला होता. दलालाने ठरलेल्या मुदतीत, घेण्यास तयार असलेले गिऱ्हाईक उभे केले होते. मालकाने पुढे त्याच गिऱ्हाइकांनी सुचवलेल्या व्यक्तीला परस्पर इमारत विकली. न्यायालयाने दलाली मान्य केली. गिऱ्हाइकाचे नाव बदलल्याने ते आणणाऱ्याचे काम पुसले जात नाही. त्याच निकालातली दुसरी गोष्ट मालकांच्या बाजूची आहे : गिऱ्हाईक शोधून देण्याचा अधिकार म्हणजे मालकाच्या वतीने विक्रीचा करार करून टाकण्याचा अधिकार नव्हे.

धाकटे बराच वेळ गप्प होते. खरे सांगायचे तर मीही थोडा वरमलो होतो, कारण पहिल्या दिवशी ऐकल्यावर माझे मनही त्यांच्याच बाजूने झुकले होते.

तरीही दलालाची मागणी जशीच्या तशी मान्य करण्याजोगी नव्हती. त्याच करारात त्याने इमारतीवर फलक लावण्याचे आणि दर महिन्याला वर्तमानपत्रात जाहिरात देण्याचे मान्य केले होते. फलक कधी लागला नाही. जाहिरातीचे एकही कात्रण त्याला दाखवता आले नाही. जीएसटीची गोष्ट तर सरळच होती. मागणीपत्रावर जीएसटी क्रमांक नव्हता. विचारले तेव्हा कळले की उलाढाल वीस लाखांच्या आत असल्याने त्याने नोंदणीच केलेली नाही. नोंदणी नसलेल्याला हा कर गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही. ते ६१,९२० रुपये तिथेच गळाले. शिवाय त्याला पैसे तत्काळ हवे होते, आणि करारात त्याची वेळ लिहिलेली नव्हती. अशा वेळी कलम २१९ लागू पडते : वेगळे ठरलेले नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत प्रतिनिधीचा मोबदला देय होत नाही. विक्रीचे काम खरेदीखताने पूर्ण होते. विसार घेतल्याने नाही.

तिघे भाऊ आणि दलाल अशी बैठक आमच्याच घरी झाली. मधले बंधू पुण्याहून आले होते. तासाभराची घासाघीस झाली, एकदा दलाल उठून चपला घालण्यापर्यंत गेला, आणि अखेर सव्वा टक्क्यावर, म्हणजे २,१५,००० रुपयांवर तडजोड ठरली. खरेदीखताच्या दिवशी, धनादेशाने, पावती घेऊन. पावतीचा आग्रह मी मुद्दाम धरला. विक्रीसाठी दिलेली दलाली भांडवली नफा काढताना विक्रीच्या रकमेतून वजा मिळते, पण रोखीने चिठ्ठीवर दिलेले पैसे कोण मानणार? व्यापारी उलाढाल मोठी असेल तर दलाली देताना टीडीएस कापावा लागतो का, हेही आपल्या सनदी लेखापालांना आधी विचारून घ्यावे.

करार मोडण्याचा कागद तिथेच तयार केला. असा कागद कसा असावा हे वाचकांपैकी अनेकांना उपयोगी पडेल, म्हणून त्याचा सारांश देतो. दोघांनी परस्पर संमतीने अमुक तारखेचा करार आजपासून रद्द केला आहे; दलालाचे या मिळकतीबाबतचे सर्व अधिकार संपले आहेत; त्याने किल्ल्या व कागदांच्या प्रती परत केल्या असून संकेतस्थळांवरील जाहिराती सात दिवसांत काढाव्यात; करारकाळात त्याने ज्यांना मिळकत दाखवली त्यांची नावे सोबतच्या यादीत आहेत; अमुक रकमेखेरीज या मिळकतीसंबंधी त्याची कोणतीही मागणी उरलेली नाही. खाली दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. यातली यादी सर्वांत मोलाची. पुष्कळ करारांत आणखी एक शेपूट असते : करार संपल्यावरही तीन किंवा सहा महिन्यांत, दलालाने दाखवलेल्या माणसाला विक्री झाली तर दलाली लागेल. ही अट गैर नाही. पण यादी नसली तर पुढे येणारे प्रत्येक गिऱ्हाईक "माझेच" असे म्हणायला दलाल मोकळा राहतो, आणि मालकाजवळ उत्तर नसते.

दलाल सहमत नसेल तर एकतर्फी सूचना द्यावी लागते. तीत कराराची तारीख, कोणत्या अटीनुसार रद्द करतो ते, त्याने न केलेली कामे आणि अधिकार कोणत्या दिवसापासून संपतात हे लिहावे, आणि पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवून ईमेल व व्हॉट्सॲपवरही प्रत टाकावी. रागाने लिहिलेले वाक्य त्यात असू नये. ते पुढे न्यायालयात मोठ्याने वाचले जाते.

आता त्या एका अपवादाविषयी, ज्यात अधिकार काढून घेणेही हातात राहत नाही. बँकेत असताना एका कर्जदाराचे कॅश क्रेडिट खाते थकले होते. एका दलालाने त्याला थकबाकी भरण्यापुरते पैसे दिले आणि बदल्यात त्याच्या गोदामाच्या विक्रीचे कुलमुखत्यारपत्र लिहून घेतले. विक्रीतून आपले पैसे आधी वळते करून घेण्याचा हक्कही त्यात होता. पुढे चांगला भाव देणारे गिऱ्हाईक आले आणि कर्जदार मुखत्यारपत्र रद्द करायला निघाला, तेव्हा वकिलाने त्याच्यापुढे कलम २०२ ठेवले. ज्या मालमत्तेविषयी अधिकार दिला तिच्यातच प्रतिनिधीचा स्वतःचा हितसंबंध असेल, तर त्या हितसंबंधाला बाधा येईल अशा रीतीने अधिकार काढता येत नाही. कायद्यातील उदाहरण हेच आहे : जमीन विकून त्यातून आपले येणे फेडून घेण्याचा अधिकार धनकोला दिला, तर तो देणाऱ्याच्या मृत्यूनेही संपत नाही. म्हणून दलालाकडून उसनवार घेऊ नये, आणि घेतलीच तर तिचा कागद निराळा ठेवावा. याउलट, केवळ दलाली मिळण्याची अपेक्षा हा असा हितसंबंध नव्हे. साध्या दलालीच्या करारावर कोणी "अपरिवर्तनीय" असा शब्द टंकून आणला, तर त्या एका शब्दाला फारसे भिण्याचे कारण नाही.

मूळ कागदपत्रांबाबत मात्र मी कठोर आहे. कलम २२१ प्रमाणे, वेगळे ठरले नसल्यास, प्रतिनिधी आपले येणे मिळेपर्यंत मालकाचे कागद अडवून ठेवू शकतो. खरेदीखत, मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा यांच्या छायाप्रती द्याव्यात, मूळ कागद तिजोरीतच राहावेत. आणखी एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावे करार करणाऱ्यांसाठी : सही करणारा मालक वारला की, कलम २०२ चा अपवाद सोडल्यास, हे प्रतिनिधित्व संपते. दलालाला तसे लगेच लेखी कळवावे. वारसांनी त्याच्याशीच पुढे जायचे असेल तर नवा कागद करावा.

महारेराविषयीही अनेक जण विचारतात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने दलालांना नोंदणी सक्तीची केली ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी. नव्या संकुलातील सदनिका घेता-विकताना दलालाचा महारेरा क्रमांक अवश्य पाहावा. पेठेतल्या शंभर वर्षांच्या वाड्याच्या विक्रीत तो कायदा सहसा येत नाही. तिथे आपला आधार म्हणजे करार कायदा आणि आपण सही केलेला कागद.

डिसेंबरात खरेदीखत झाले. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेर अण्णांनी दलालाला धनादेश दिला, आणि त्याने तो दोन्ही हातांनी घेतला. धाकट्यांना तो आकडा अजूनही पटलेला नाही. भेटलो की "साहेब, दीड लाखात मिटले असते" असे ते आवर्जून ऐकवतात.

मागच्या महिन्यात अण्णा पुन्हा आले. मिरजेकडचा एक भूखंड विकायचा आहे, दलाल तोच. या वेळी कागदाचा मसुदा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून आणला होता : मुदत तीन महिने, आपोआप वाढ नाही, मालकाने स्वतः गिऱ्हाईक आणल्यास दलाली नाही, दाखवलेल्यांची यादी दर महिन्याच्या पाच तारखेला. मी फक्त एक शब्द दुरुस्त केला. "दलाली खरेदीच्या वेळी" असे त्यांनी लिहिले होते, ते "खरेदीखत नोंदल्यावर" असे केले.